सीतेला सवत नव्हती

आमच्या वाचनालयात वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’च्या तीन प्रती आहेत. त्यांतली सगळ्यात जुनी प्रत मुद्दाम मागून नेणारे वाचक अजूनही भेटतात. मूळ मुखपृष्ठ कधीच गेलेलं, पुठ्ठा नव्याने बांधलेला, पानं तपकिरी आणि कडेला ठिसूळ. तरी तीच हवी असते, कारण तिच्या समासांत आधीच्या वाचकांनी लिहून ठेवलं आहे. पुस्तकात खुणा करू नयेत असा शिक्का पहिल्या पानावर आहे, पण ही कादंबरी माणसाला गप्प बसू देत नाही. राजा ययातीपासून झालेल्या तान्ह्या पुरूला घेऊन दासी शर्मिष्ठा रात्री राजधानीबाहेर पडते, त्या पानाशी कुणीतरी निळ्या शाईने, तिरप्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘सीतेसारखीच!’ त्याखाली बॉलपेनने, घाईघाईच्या उभ्या अक्षरात दुसऱ्या कुणाचं उत्तर आहे, ‘सीतेला सवत नव्हती.’ दोन्ही अक्षरं बायकांची असावीत असं मला वाटतं. शाई पाहता दोन्हींमध्ये बरीच वर्षं गेली असणार आणि या दोघींची गाठ कधी पडली नसणार.

ययातीच्या पश्चात्तापाशी कुणी पेन्सिलने नुसतं ‘पुरुष!’ असं लिहिलंय आणि शेजारी दुसऱ्याने ‘सगळे नव्हेत’ अशी पुस्ती जोडली आहे. कचाच्या बोलण्याखाली पट्टी धरून ओढलेल्या सरळ रेघा आहेत, त्या परीक्षेला बसणाऱ्यांच्या. त्याच्या राणीच्या, देवयानीच्या भागात मात्र समास जवळजवळ कोरे आहेत. इतकी माणसं जिथे बोलून गेली, तिथे देवयानीशी कुणी बोललेलं नाही. हे मला फार लागतं, कारण मी शाळेत असल्यापासून देवयानीच्या बाजूची आहे.

खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, तेव्हा मी हायस्कूलमध्ये होते. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ, आणि खांडेकर आमच्या कोल्हापूरचे. शिरोड्याला अठरा वर्षं मास्तरकी करून ते १९३८ मध्ये इथे आले आणि इथलेच झाले. ज्ञानपीठ मिळालं तोवर त्यांची दृष्टी जवळपास गेली होती. ‘ययाति’ १९५९ मध्येच प्रसिद्ध झालेली, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळालेला, पण ज्ञानपीठाने ती पुन्हा घरोघर उघडली. आमच्याकडे आईने ती आत्याला दिली, आत्याने शेजारच्या वहिनींना, आणि मग मला मिळाली. परत करताना प्रत्येकीने शर्मिष्ठेसाठी डोळे पुसले. आई म्हणायची, ‘सोसावं कसं ते त्या शर्मिष्ठेकडून शिकावं.’ मी एकदा देवयानीची बाजू घेतली तर ती म्हणाली, ‘अगं, ती नुसती जळत होती.’ मी विचारलं, ‘मग तिने करायचं काय होतं?’ आई भाजी निवडत होती. तिने वर पाहिलं, पण उत्तर दिलं नाही. पुढे कितीतरी घरांत मला हाच अनुभव आला. शर्मिष्ठेबद्दल भरभरून बोललं जातं, ययातीला दूषणं देऊन मोकळं होता येतं, देवयानीचा विषय निघाला की लोक आवरतं घेतात.

गेल्या पावसाळ्यात आमच्या वाचक गटाने ‘ययाति’ मोठ्याने वाचायची ठरवली, तेव्हा म्हणूनच मी देवयानी मागून घेतली. या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने आपापली कहाणी सांगतात. आरंभ ययातीचा आहे आणि सगळ्यात मोठा वाटाही त्याचाच. त्यामुळे तिघांनी तीन आवाज वाटून घ्यायचे, बाकीच्यांनी ऐकायचं आणि भाग संपला की बोलायचं, असं ठरलं. ययातीचा भाग बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांकडे गेला. शर्मिष्ठा एका निवृत्त परिचारिकेने घेतली. त्यांना आम्ही सगळे सिस्टरच म्हणतो. ऐकायला दूध संस्थेत हिशेब पाहणाऱ्या आक्का, वकिलीचं शिकणारी एक मुलगी, ऐंशी पार केलेल्या एक आजी आणि अधूनमधून येणारे सात-आठ जण. दर शनिवारी संध्याकाळी, वरच्या मजल्यावर, खिडक्या लावून, कारण जुलैत आमच्याकडे पाऊस आडवा येतो.

मनातल्या मनात वाचणं वेगळं आणि दुसऱ्याचा ‘मी’ तोंडाने उच्चारणं वेगळं, हे पहिल्याच शनिवारी जाणवलं. काका सावकाश, जड आवाजात वाचत. नहुष राजाला मिळालेला शाप, त्याची मुलं कधी सुखी होणार नाहीत ही भविष्यवाणी, घर सोडून गेलेला थोरला भाऊ यति, आईचा धाक, हे सगळं त्यांच्या आवाजात ऐकताना ययातीबद्दल एक आपुलकी वाटायला लागली. मनात भीती घेऊन वाढलेला मुलगा सुखाला हात घालतो, दुसरं काय. खांडेकरांचं हे मोठं बळ आहे. आपल्या नायकाला ते वाईट माणूस म्हणून समोर आणत नाहीत. आधी त्याचं एकटेपण दाखवतात आणि मग त्याच्या हातून काय काय घडतं ते. कादंबरीला जोडलेल्या लेखात त्यांनी ययातीला आजच्या माणसाशी जोडलं आहे. साधनं वाढली, भोग वाढले आणि मन रितं राहिलं, ही त्यांची खंत होती. त्या खंतीशी माझं भांडण नाही. पण भोगाची इतकी काळजी करणारा हा लेखक मत्सराशी तितक्या मायेने वागला का, हा प्रश्न मला पहिल्यापासून छळत आला आहे.

देवयानीचं पहिलं मोठं निवेदन वाचताना माझा आवाज चढला. ती माणसं जिंकायला निघालेली मुलगी आहे. देखणी, हुशार, नाचात पारंगत, बापाची एकुलती एक. असुरांचा राजा वृषपर्वा ज्याच्यावाचून एक लढाई लढू शकत नाही, त्या शुक्राचार्यांची ती लेक. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या तिच्या घरात आहे. आणि तरीही राजवाड्यातल्या शर्मिष्ठेसमोर ती आश्रितच. महाभारताच्या आदिपर्वात या दोघींचं जे भांडण आहे, त्यात शर्मिष्ठा तिला हेच ऐकवते. तुझा बाप माझ्या बापासमोर उभा राहून स्तुती करतो, हात पसरतो; मी देणाऱ्याची मुलगी, तू घेणाऱ्याची. वस्त्रांची अदलाबदल हे निमित्त. मग शर्मिष्ठा तिला विहिरीत ढकलून निघून जाते. दोघी मैत्रिणी होत्या, बरोबरीने वाढल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. परकीचा राग इतका टिकत नाही.

आक्का म्हणाल्या, ‘आता बघा, आमच्या गावात मास्तरची पोरगी आन् पाटलाची पोरगी एका वर्गात असायच्या. मास्तरची हुशार. पर पाटलाची पोरगी वरात आल्यागत याची. कुणाला काय वाटायचं त्ये म्हाईत हाय मला.’ आक्का स्वतः त्या वर्गात कुठे बसत, ते त्यांनी सांगितलं नाही.

लग्नाच्या रात्रीचा प्रसंग आला आणि गटाचे सरळ दोन तट पडले. ययाति पहिल्या रात्री मद्य घेऊन देवयानीकडे येतो. तो वास येताच ती विटते, चिडते, दूर होते. काकांनी वाचून झाल्यावर पुस्तक मांडीवर उपडं ठेवलं आणि म्हणाले, ‘इथेच संसार मोडला. थोडं समजुतीने घ्यायला हवं होतं तिने.’ मागच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी माना डोलावल्या. घरात सुख नसलं की माणूस बाहेर जातो, हे वाक्य त्या संध्याकाळी पहिल्यांदा उच्चारलं गेलं आणि पुढे दर शनिवारी कुणी ना कुणी ते बोलून दाखवलं. ‘ययाति’बद्दल पुरुषांकडून, आणि कितीतरी बायकांकडूनही, मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं हे वाक्य आहे. ते ऐकलं की माझं डोकं तापतं.

कारण मद्याचा वास देवयानीला नुसता ओंगळ वाटत नाही. त्या वासात तिचं सगळं मागलं आयुष्य आहे. देवांनी पाठवलेला कच संजीवनी शिकायला शुक्राचार्यांकडे येऊन राहिला. असुरांनी त्याला पुन्हा पुन्हा मारलं आणि देवयानीच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी त्याला उठवलं. शेवटच्या खेपेला त्याला जाळून, ती राख मद्यात कालवून खुद्द शुक्राचार्यांनाच पाजली. बाप वाचवावा तर प्रियकर जातो, प्रियकर वाचवावा तर बाप जातो, अशा कोंडीत ही मुलगी मद्याच्या एका पेल्याने सापडली. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांना मद्य वर्ज्य केलं, अशी कथा आहे. १९१३ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ लिहिलं ते मद्यापायी होणारा हाच घात समोर ठेवून. आमच्या आजींची आई त्या नाटकातली पदं गुणगुणत असे. आजी म्हणाल्या, ‘आमच्या घरात देवयानी म्हणजे आधी गाणं. तिचा कुणाला राग नव्हता. राग आला तो ही कादंबरी आल्यावर.’

मला हे फार मोलाचं वाटलं. एकाच बाईकडे लोक पन्नास वर्षांत किती वेगळ्या नजरेने बघायला लागले! ‘विद्याहरणा’त पडदा पडतो तेव्हा ती प्रेमात हरलेली मुलगी असते. खांडेकर तिथून पुढे जातात, तिचं लग्न करून देतात, आणि लग्न झालेल्या बाईचं दुःख लोकांना गाण्याइतकं गोड वाटत नाही.

कचावरून झालेला वाद थोडक्यात सांगते, कारण तो मला फार पुढे जाणारा वाटला नाही. कच या कादंबरीत निवेदन करत नाही. तो बोलतो ते इतरांच्या तोंडून आपल्यापर्यंत येतं. संयमी, विरक्त, सगळ्यांचं भलं चिंतणारा. गटातल्या बऱ्याच जणांना तो आवडला, आणि जुन्या प्रतीतल्या सरळ रेघा सांगतात तसा तो पिढ्यान् पिढ्या आवडत आला आहे. आक्कांना नाही आवडला. विद्या पदरात पडल्यावर तुझ्या बापाच्या पोटातून आलो म्हणून मी तुझा भाऊ, असं म्हणून तो निघून जातो. ‘काम झाल्यावर बरं आठवलं,’ एवढंच त्या म्हणाल्या. मी त्याहून एक पाऊल पुढे जाईन. देवयानीचा मत्सर शर्मिष्ठेपासून सुरू होत नाही. ज्याच्यासाठी बापाचा जीव टांगणीला लावला तो माणूस हात सोडवून गेला आणि जाता जाता, तुला ऋषिकुमार पती मिळणार नाही, असा शापही देऊन गेला. त्यानंतर हाती आलेलं काहीही सुटून जाईल ही धास्ती तिला कायमची लागली. ययातीने तिला विहिरीतून वर काढलं ते उजवा हात धरून. हा हात धरलास तर आता सोडू नकोस, हे तिचं म्हणणं लोकांना उद्धट वाटतं. मला त्यात घाबरलेली मुलगी दिसते.

मग अशोकवन आलं. दासी होऊन हस्तिनापुराला आलेली शर्मिष्ठा आणि एकटा पडलेला राजा. सिस्टर वाचत होत्या. त्यांचा आवाज बारीक आहे आणि त्या वाचताना अभिनय करत नाहीत, औषधाची चिठ्ठी वाचावी तसं सरळ वाचतात. त्यामुळे शर्मिष्ठेच्या बोलण्यातला गोडवा गळून गेला आणि नुसती हकिकत उरली. दासीपण तिने मागून घेतलेलं नाही. देवयानी रुसली, शुक्राचार्य राज्य सोडून निघाले, असुरांचा कुलनाश समोर दिसायला लागला, तेव्हा तिने मान पुढे केली. तिला कुणी माणूस म्हणून विचारत नाही, आणि एक जण विचारतो तेव्हा तो नेमका देवयानीचा नवरा असतो. पुढे ती बाळंत होते. वाचता वाचता सिस्टर थांबल्या, चष्मा काढला आणि पुस्तक सोडून बोलायला लागल्या.

‘प्रसूती वार्डात माझी निम्मी नोकरी गेली. फॉर्मवर पतीचं नाव लिहायची जागा असते. आम्ही पेन धरून विचारतो, आणि काही बायका भिंतीकडे बघतात. कुणी खोटं नाव सांगते. कुणी भावाचं नाव घालायला सांगते. मी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्या बाईने कुणाचा तरी संसार मोडला असेल, नसेल, मला काय ठाऊक. पण त्या वेळी ती एकटी असते, आणि बाहेरच्या बाकावर कुणीही बसलेलं नसतं. तुमची देवयानी बाळंत झाली तेव्हा अख्खं राज्य बाहेर उभं होतं.’

हे ऐकल्यावर मी काही बोलले नाही. शर्मिष्ठेची बाजू मी आयुष्यभर ऐकत आले होते, पण ती नेहमी तिच्या सोशिकपणाची आरती म्हणून. सिस्टर आरती करत नव्हत्या. त्यांनी एका फॉर्मवरची रिकामी ओळ दाखवली. आदिपर्वातही शर्मिष्ठेला हेच करावं लागतं. मूल कुणाचं, असं देवयानी विचारते तेव्हा ती एका ऋषीचं म्हणून सांगते.

आदिपर्वाचा विषय निघाला तशी वकिलीचं शिकणारी मुलगी पुढच्या शनिवारी मराठी भाषांतराचा खंडच घेऊन आली. आमच्या सगळ्या चर्चेतला सगळ्यात कसदार भाग तिने घडवला, असं मी मानते. तिने दाखवलं की व्यासांची शर्मिष्ठा अजिबात मुळूमुळू रडणारी नाही. ती ययातीला स्वतःहून बोलावते आणि त्याच्याशी रीतसर वाद घालते. सखीचा पती तो आपलाही पती, असं म्हणते. राजा म्हणतो, तुझ्यापासून दूर राहण्याचा शब्द मी शुक्राचार्यांना दिलाय. तर ती कोणकोणत्या प्रसंगी खोटं बोलण्याचं पाप लागत नाही याची यादीच त्याच्यापुढे ठेवते. थट्टेत, स्त्रियांशी बोलताना, विवाहाच्या वेळी, जीव धोक्यात असताना, सर्वस्व लुटलं जात असताना. ‘ही बाई कोर्टात उभी राहिली असती तर केस जिंकली असती,’ असं ती मुलगी म्हणाली तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

आणि दुसरी गोष्ट. व्यासांकडे शर्मिष्ठेला ययातीपासून तीन मुलगे आहेत. द्रुह्यु, अनु आणि पुरु. देवयानीला दोन, यदु आणि तुर्वसु. खांडेकरांनी दोघींना एकेकच ठेवला, यदु आणि पुरु. कादंबरीकाराला ती मोकळीक असते आणि गोष्टीचा पसारा आवरायला ते ठीकही आहे. पण या बेरीज-वजाबाकीने न्याय बदलतो. तीन मुलगे म्हणजे वर्षानुवर्षांचा, ठरवून चालवलेला संसार. देवयानीच्या नजरेसमोर, तिच्याच राज्यात, तिला रोज खोटं सांगून. महाभारतात तिला कळतं ते कसं? बागेत खेळणाऱ्या मुलांना ती विचारते, बाळांनो, तुमचे वडील कोण? आणि ती मुलं बोट करून ययातीला दाखवतात. तो शेजारी उभा असतो. त्या क्षणी तिने जे केलं असेल त्याला मत्सर म्हणायची माझी तयारी नाही. खांडेकरांनी मुलगा एकच ठेवला, सहवास थोडका केला, शर्मिष्ठेला मऊ केलं. मग देवयानीचा संताप आपोआप अवाजवी दिसायला लागला. आई, आत्या आणि वहिनी ज्या शर्मिष्ठेसाठी रडल्या, ती खांडेकरांनी घडवलेली शर्मिष्ठा होती, आणि जिच्याबद्दल त्यांनी बोलायचं टाळलं ती देवयानीही त्यांनीच घडवलेली.

यावर काकांनी जो मुद्दा काढला तो नोंदवायला हवा. ते म्हणाले, खांडेकरांना देवयानी नकोशी असती तर तिला स्वतःच्या तोंडाने बोलू दिलं असतं का? व्यासांकडे ती बोलते, पण दुसऱ्यांशी. मनातलं मनाशी बोलायला जागा दिली ती खांडेकरांनी. हे खरं आहे. तिच्या भागांत एक गोष्ट वारंवार दिसते. ती जिंकल्यावरही समाधानी नसते. महाराणी झाली तरी कच आठवतो, शर्मिष्ठा दासी झाली तरी तिचं राजकन्यापण डोळ्यांत सलतं. हे लिहिणाऱ्याला मत्सर आतून ठाऊक होता. फक्त तो तिला क्षमा करायला ययातीइतका लवकर तयार होत नाही. ययातीच्या वासनेला त्याने बालपण दिलं, शाप दिला, बाप दिला. देवयानीच्या मत्सराला स्वभाव म्हणून सोडून दिलं. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी त्याच्यावरच्या प्रेमापोटी करते.

इतर लेखकांनी या त्रिकोणाकडे कसं पाहिलं, त्यावरही एक शनिवार गेला. कुसुमाग्रजांचं ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ चं. जितेंद्र अभिषेकींच्या संगीतामुळे ते घराघरात पोचलं आणि आमच्या गटात त्यातली पदं अर्ध्या लोकांना पाठ निघाली. गिरीश कार्नाडांनी ऑक्सफर्डला जाण्याच्या सुमारास कन्नडमध्ये ‘ययाति’ लिहिलं. ते १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं, त्यांचं पहिलंच नाटक. म्हणजे खांडेकरांची कादंबरी आणि हे नाटक जवळजवळ एकाच वेळचं. कार्नाडांनी पुरूला बायको दिली, चित्रलेखा. शापाने आलेलं बापाचं म्हातारपण अंगावर घेतलेल्या नवऱ्याच्या बायकोने काय करायचं, हा प्रश्न ती विचारते आणि शेवटी विष घेते. आमच्या वकील मुलीला तेच नाटक जास्त खरं वाटलं. आजींना ते ऐकवेना. माझ्या एका हिंदी भाषक शेजारणीने ‘ययाति’ हिंदीतून वाचली आहे आणि तिला ती कथा वैराग्याची वाटते. भाचीने परदेशात इंग्रजी भाषांतर वाचलं, त्याच्या मुखपृष्ठावर ही वासनेची कथा असल्याचं छापलेलं. प्रेम, वासना, वैराग्य सगळ्यांनी पाहिलं. मत्सर कुठल्याच मुखपृष्ठावर आला नाही.

आक्का त्या चर्चेत गप्प होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘तुम्ही सारखं देवयानीला शर्मिष्ठा सवत म्हणताय. सवत दोघींनी बी एकमेकींची असती. देवयानी शर्मिष्ठेची सवत न्हवं व्हय? आन् मधल्याला कोण काय म्हणतंय? त्याला शाप मिळाला म्हातारपणाचा, तर त्यो बी पोराच्या गळ्यात घातला.’

यावर कुणी वाद घातला नाही. पण वाद नसला म्हणजे पटलं असं नाही. खाली उतरताना एक बाई माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, ‘तुम्ही वाचता तेव्हा देवयानी पटते. घरी जाऊन एकटी वाचली की नाही पटत.’ मला त्यांचा प्रामाणिकपणा आवडला. मी म्हटलं, एकटीने पण मोठ्याने वाचा. त्या हसल्या. पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगितलं, दार लावून वाचली. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, कुणाशी भांडतेस?

शेवटचा भाग संपला तेव्हा सप्टेंबर उजाडला होता आणि पावसाने उघडीप दिली होती. कादंबरीचा शेवट समेटाचा आहे. काकांनी तो फार चांगला वाचला, शेवटी त्यांचा घसा दाटून आला होता. वकील मुलगी मात्र वंशावळ काढून बसली होती. तिने सांगितलं, पुरूच्या वंशात कौरव-पांडव आणि यदूच्या वंशात यादव. आक्कांनी लगेच विचारलं, ‘म्हंजी किस्न देवयानीच्या घरातला?’ हो, म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांच्याच माहेरचा कुणी निघाला. ‘मग एवढं बोल लावायचं काय कारण होतं तिला!’

सिस्टर म्हणाल्या, ‘आणि यादवांचं शेवटी काय झालं? प्रभासला दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडली.’

‘तेच ती पहिल्या रात्रीपासून सांगत होती,’ मी म्हटलं.

‘सांगत होती, मान्य. पण म्हणून तान्हं पोर घेतलेल्या बाईला रातोरात रानात जायची वेळ आणायची होती का?’

काका म्हणाले, ती वेळ ययातीने आणली. सिस्टर म्हणाल्या, ययातीने तर तिला वाचवलं. आक्का म्हणाल्या, आधी बुडवली मग वाचवली, त्याचं काय कवतिक. वकील मुलीने आदिपर्वाचा खंड पुन्हा पिशवीतून बाहेर काढला.